टिकलीवर बोट

या अंकाच्या संपादक ताई आमच्या बिल्डिंगमध्ये कोणाकडे तरी आल्या होत्या. त्यांनी माझं कामाचं खोपटं बघितलं आणि म्हणाल्या, काका, तुमच्या कामावर लिहून द्या. मी म्हटलं, ताई, मी सातवी नापास. त्या म्हणाल्या, बोलता तसं लिहा. बोलतो तसं लिहिलं तर तुम्हाला छापता येणार नाही. म्हणून शिव्या तेवढ्या काढल्यात. बाकी तसंच ठेवलंय.

माझं काम म्हणजे लोकांनी टाकायला काढलेले कॉम्प्युटर त्यांच्याच घरात परत कामाला लावणं. आणि हे मी का लिहितोय तेही आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर शेवटी म्हणाल, म्हाताऱ्याने फसवून रडवलं. माझ्या हातच्या एका यंत्राने मला खोटं सांगितलं आणि त्यात माझी बायको गेली. आठ महिने झाले. यंत्राचा दोष नाही. खोटं बोलायला त्याला मीच शिकवलं होतं. अजूनही स्क्रू पिळता पिळता हात थांबतो आणि ही गोष्ट मला आत्ताच कोणीतरी सांगितल्यासारखी वाटते.

मी मूळचा गिरणीतला, साचे खात्यातला, म्हणजे कापड विणायच्या मागांवरचा. गिरणी बंद पडल्यावर फोर्टात एका ऑफिसात हमालीला लागलो. तिथे दर तीन-चार वर्षांनी नवे कॉम्प्युटर यायचे आणि जुने आम्ही खाली भंगारवाल्याच्या टेम्पोत टाकायचो. एकदा मी सहज एकाची वायर लावून बटण दाबलं. चालू झाला! मी हादरलो. आमच्या गिरणीत मालकाच्या आजोबांच्या वेळचे साचे होते, तेल-पाणी करून चालायचे. आणि इथे चालती वस्तू फेकतात? त्या दिवशी साहेबाला विचारून एक डबा डोक्यावर घेऊन घरी आलो. बायको, शैला तिचं नाव, दारात उभी. म्हणाली, "ह्या काय हाडलंत? दहा बाय बाराच्या खोलीत आता हेका खय झोपवू?"

पण तिने झोपवला. खाटेखाली. मग दुसरा, मग चौथा. मी खोलून खोलून शिकलो. कोणी शिकवलं नाही.

आता ज्याला यातलं काही कळत नाही त्याच्यासाठी सांगतो. जुना कॉम्प्युटर नव्याची सगळी कामं एकदम करू शकत नाही. धाप लागते त्याला. पण एकच काम देऊन कोपऱ्यात बसवला तर वर्षानुवर्षं करतो. आधी उघडायचा आणि धूळ काढायची. लॅपटॉप असेल तर पहिली बॅटरी बघायची. पुरीसारखी फुगली असेल तर काढून टाकायची, ती ठेवायची नाही, कोणी कितीही सांगू दे. हार्डडिस्क कानाला लावायची. कट-कट वाजत असेल तर तिच्यावर कोणाच्या लग्नाचे फोटो ठेवू नका. मग त्यात फुकट मिळणारी हलकी सिस्टीम टाकायची आणि घरच्या राउटरला वायर जोडायची. राउटर म्हणजे चाळीतला सामाईक नळ समजा. घरातले सगळे फोन, टीव्ही, डबे त्याच्यावर पाणी भरतात. एकदा जोडला की जुना डबा सगळ्यांच्या उपयोगाचा होतो. कुठे फोटो सांभाळतो, कुठे कॅमेऱ्यावर नजर ठेवतो, कुठे सकाळी भजनं लावतो. स्क्रीन फुटलेला असला तरी चालतो. त्याला बघायला कोणाला वेळ आहे?

लालबागला एक परब आहेत, मसाला कुटून देतात. खाली गिरण, वर पोटमाळ्यावर घर. त्यांचा बिलाचा कॉम्प्युटर बंद पडला. मला म्हणाले, "काका, व्हायरस गेला असेल आत." मी स्क्रू काढून झाकण उचललं आणि पुढची दहा मिनिटं नुसता शिंकत होतो. डोळ्यांतून पाणी. पंख्यावर बोटभर जाड लाल थर.

"व्हायरस नाय परब," मी म्हटलं, "बेडगी आहे. थोडी धणेपूडपण दिसते."

तो डबा झाडून मी वर घरात बसवला आणि दुकानातल्या कॅमेऱ्याला जोडला. शैलाने जुन्या सुती साडीची दुहेरी टोपडी शिवली, वारा जाईल पण तिखट जाणार नाही अशी. परबांची आई गुडघ्यांमुळे खाली उतरू शकत नव्हती. ती वर टीव्हीवर दुकानाची रांग बघायला लागली. मसाल्याच्या दिवसांत बायका डबे घेऊन उभ्या, आणि वरून म्हातारीचा आवाज, "अरे, ती निळ्या पातळवाली मघापासून उभी आहे, तिचं आधी घे!" परब मला म्हणाले, "काका, डबा चालू केलात की आईला चालू केलंत?" टोपडी आईला इतकी आवडली की तिने मिक्सरलाही एक मागितली. माझ्या कामात शैला अशी असायची. डोकं माझं म्हणून मिरवायचो, पण चालायचं तिच्या टोपडीवर.

आमची चाळ पाडून टॉवर झाला. आम्हाला अकराव्या मजल्यावर घर मिळालं. सोसायटीने मला खाली मीटररूमशेजारी सहा बाय आठचं खोपटं दिलं, त्या बदल्यात बिल्डिंगचे कॅमेरे मी बघायचे. मी डक्टमधून वायर चढवली आणि नऊ घरं एका जाळ्यात घेतली. सगळे जुने चाळकरी, ओळखीचे. नऊ घरांत मिळून प्रिंटर एकच, चौथ्या मजल्यावरच्या गावकरांच्या टीव्हीखाली. त्याला सांभाळायला एक म्हातारा लॅपटॉप ठेवलेला. कोणी कुठूनही छापलं की कागद गावकरांकडे निघायचा आणि गावकर तो वाचून मगच द्यायचे.

एक दिवस गावकर हातात कागद घेऊन खोपट्यात आले. तोंड पांढरं. त्यांच्या मुलाची चांगली कायमची नोकरी होती. त्याने आतल्या खोलीतून छापायला दिलं आणि प्रिंटर बाहेर बापाच्या पायाशी आहे हे विसरला. कागद होता राजीनाम्याचा.

"दत्ता, तुझ्या मशीनने हे काय छापलंय बघ. काहीतरी गडबड झाली ना?"

मी वाचलं. गडबड नव्हती.

"सांग ना गडबड झाली म्हणून," गावकर म्हणाले. गिरणीच्या संपात दोन वर्षं घरी बसलेला माणूस, नोकरी सोडणं म्हणजे काय ते त्याला माझ्यासारखंच माहीत. मला वाटलं असतं तर खोटं बोललो असतो. पण मला माझ्या कामाचा माज.

"गावकर, मशीन आपल्या मनाने काही छापत नाही. माणसाने सांगितलं तेवढंच करतं. मशीनला खोटं बोलता येत नाही."

हे वाक्य मी तेव्हा छाती काढून बोललो होतो. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

त्यानंतर वर्षभराने सातव्या मजल्यावरचे कदम गेले. एकटेच राहायचे. तिसऱ्या दिवशी कळलं. दाराच्या कडीला दुधाच्या तीन पिशव्या लटकत होत्या आणि त्या मजल्यावरचे सगळे त्यांच्यासमोरून लिफ्टला जात होते. मीपण गेलो होतो. चाळीत दिवसा दार लावलं तर चार जणी विचारायच्या, काय गं, बरं नाही का? टॉवरमध्ये उलटं. दार उघडं दिसलं तर विचारतात, काय झालं?

कदमांना पोचवून आलो त्या दिवशी शैला म्हणाली, "तुमचे डबे गाणी वाजवतात, फोटो ठेवतात, परबांची रांग दाखवतात. माणूस सकाळी उठला की नाय, एवढं सांगत नाहीत?"

मी जेवता जेवता थांबलो. इतक्या वर्षांत हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही?

दोन दिवसांत बसवलं. ज्या घरात म्हातारं माणूस सकाळी एकटं, त्या घरातल्या जुन्या लॅपटॉपला एकच काम. उठलं की लांब पट्टीची कळ दाबायची. खाली माझ्या खोपट्यात एका जुन्या पडद्यावर त्या घराचा ठिपका हिरवा होणार. साडेसातपर्यंत दाबली नाही तर लाल. लाल झाला की मी वर जाऊन दार ठोकणार. संपलं.

पण लोकांना कळ कुठली ते लक्षात राहीना. शैलाने तिचं टिकल्यांचं पाकीट काढलं आणि प्रत्येक लॅपटॉपच्या पट्टीवर एकेक लाल टिकली चिकटवली. आठ घरांत कोणाचा प्रश्न नव्हता. दहाव्या मजल्यावर माई. त्र्याऐंशी वर्षांच्या, विधवा, टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. जीभ अजून तशीच. मी शैलाला दारातच दटावलं, इथे टिकली नको, काहीतरी दुसरं लाव. माईंनी ऐकलं.

"का रे दत्ता? मला टिकली वर्ज्य आहे, यंत्राला नाही. त्याचा नवरा कुठे मेलाय?" आणि शैलाकडे हात पुढे केला. "दे गं, मीच लावते. किती वर्षांनी हातात घेतेय."

त्या चिकटवत होत्या तेव्हा शैला खिडकीकडे बघत उभी होती. डोळे पुसत असावी. मी विचारलं नाही. मी कधीच काही विचारायचो नाही, ते आता कळतंय.

माईंच्या मुलीने आईला डोंबिवलीला न्यायचा धोशा लावला होता. ठिपका बघून ती गप्प झाली. रोज सकाळी मी तिला एक ओळ पाठवायचो, आई उठल्या. माई त्या ओळीवर स्वतःच्या घरात राहत होत्या.

नववा ठिपका आमच्याच घराचा होता. मला पहिल्या पाळीची सवय, पावणेसहाला मी खोपट्यात. वर शैला एकटी. तिला ब्लडप्रेशर. म्हणून म्हटलं, तूपण दाब.

पहिले काही दिवस दाबलं. मग एका सकाळी साडेसातला आमचा ठिपका लाल. मी हातातलं टाकून धावलो. लिफ्ट वर अडकलेली, पाच मजले जिन्याने, मग लिफ्ट. दार उघडलं तर ही ओट्याशी उभी, दोन कप भरलेले.

"इलात? बसा. चाय झाली."

"दाबलं का नाहीस?"

"विसरलंय."

मी बसलो, धाप टाकत. चहा प्यायलो. ती समोर बसून परबांच्या आईचं, माईंचं काय काय सांगत होती. चार दिवसांनी परत लाल. परत धावलो, परत दोन कप. असं पाच वेळा झालं. पाचव्या वेळी मी ओरडलो. दार उघडं होतं, शेजारच्यांनी ऐकलं. "एक कळ दाबता येत नाय तुला? इथे लोकांचे जीव माझ्यावर आहेत आणि तू माझी माकडासारखी धावपळ करतेस? अक्कल आहे की नाय?"

ती कप उचलून आत गेली.

मी खाली आलो आणि एका ओळीचं काम केलं. आमच्या घरचा लॅपटॉप रोज सात वाजून पाच मिनिटांनी आपोआप ठिपका हिरवा करील, कोणी दाबो न दाबो. तिला सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात? दुसऱ्या दिवसापासून आमचा ठिपका रोज वेळेवर हिरवा. बाकी आठ घरांना मी हात लावला नाही, त्यांचं काम चोख. फक्त माझ्या बायकोच्या बाबतीत मी शॉर्टकट मारला.

सुमारे दोन महिने असं चाललं.

त्या सकाळी नऊच्या नऊ ठिपके हिरवे होते. मी माईंच्या मुलीला ओळ पाठवली. एका लॅपटॉपचा पंखा बदलत बसलो होतो, तो बसेना, म्हणून न्याहारीला उशीर झाला. पावणेदहाला वर गेलो. लॅचची चावी लावून दार उघडलं.

शैला ओट्याखाली फरशीवर पडली होती. ओट्यावर दोन कप, उपडे घातलेले. गॅस पेटवलेला नव्हता. डोळे उघडे होते. माझ्याकडेच बघत होती. तोंड एका बाजूला गेलेलं. मी खाली बसलो आणि मूर्खासारखं तिला काय म्हटलं माहीत आहे? "अगं, पण ठिपका हिरवा आहे."

हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीण होती. भराभर विचारत होती. "काका, त्या पडल्या कधी?"

"बघितलं नाय."

"शेवटच्या ठीक कधी होत्या? नीट आठवून सांगा. एक औषध असतं, ते ठरावीक तासांच्या आतच देता येतं."

आणि मी सांगितलं, "सात वाजून पाच मिनिटांनी ठीक होती. ठिपका हिरवा झाला होता."

ती घड्याळ बघून नर्सकडे वळली, काहीतरी आणायला सांगितलं. नर्स पळाली. आणि मग मला आठवलं. सातचा ठिपका शैलाने दाबला नव्हता. तो मी दाबला होता, दोन महिन्यांपूर्वी, रोजच्यासाठी.

"थांबा डॉक्टर. सात नाय. ते खोटं आहे."

"खोटं म्हणजे? काका, घोळ घालू नका. कधी बघितलंत तुम्ही स्वतः?"

"पावणेसहाला. मी निघालो तेव्हा."

तिने परत घड्याळ बघितलं. नर्सला हाक मारून परत बोलावलं. मला म्हणाली, "मग त्या औषधाची वेळ गेली." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

साडेसातला ठिपका लाल झाला असता तर मी धावलो असतो. पाच वेळा धावलोच होतो. आठ-सव्वाआठला ती हॉस्पिटलात असती. हा हिशोब मी किती वेळा केला असेल, सांगता येत नाही. दरवेळी उत्तर तेच येतं आणि दरवेळी मला नवीन वाटतं.

सहा दिवस होती. बोलली नाही. बोलता येत नव्हतं की माझ्याशी बोलायचं नव्हतं, ते मला कळायला मार्ग नाही. सातव्या दिवशी गेली. भेटायला आलेल्या बायका म्हणाल्या, भाग्याची, सवाष्ण गेली. तीन-चार तास फरशीवर पडलेली बाई भाग्याची? मी त्यांना जे बोललो ते इथे लिहीत नाही. त्या उठून गेल्या.

तेराव्यानंतर मी खोपट्यात उतरलो आणि सगळ्या वायरी उपटल्या. राउटर भिंतीवरून काढला. पडद्याचं तोंड भिंतीकडे केलं. गावकर आले, म्हणाले, अरे असं करू नको. मी म्हटलं, गावकर, मशीन खोटं बोलतं. त्यांना कळलं नाही. माझ्या हातावर हात ठेवून गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी काठीचा आवाज आला. माई. कधी खाली न उतरणाऱ्या, लिफ्टमधून आलेल्या, अंगावर घरचंच लुगडं.

"कोणाला विचारून आमचे दिवे विझवलेस?"

"माई, मला यातलं काही करायचं नाय आता."

"तुझी बायको गेली, मला वाईट वाटतं. तुझ्यापेक्षा कमी नाही वाटत. पण तुझ्या दुःखापायी मला डोंबिवलीला पाठवू नकोस. मुलीने काल बॅग भरायला सांगितली आहे."

त्या स्टुलावर बसल्या. मग मी त्यांना सांगितलं. आपोआप हिरवा करायची ओळ, हॉस्पिटलातलं, सगळं. आधी कोणालाच सांगितलं नव्हतं. माई ऐकत होत्या. मध्येच काठी जमिनीवर आपटली.

"म्हणजे तू येत नव्हतास तो यामुळे?"

"कुठे येत नव्हतो?"

"अरे गाढवा, ती मुद्दाम दाबायची नाही."

मला कळलंच नाही. मी म्हटलं, विसरायची.

"शैला विसरेल? परबांच्या आईच्या गोळ्यांच्या वेळा पाठ होत्या तिला. तू पहाटे खाली जायचास तो थेट न्याहारीला वर, गिळून परत खाली. चाळीत निदान दारातून दिसायचास, इथे अकरा मजले मध्ये. ठिपका दाबला नाही की तू धावत येतोस हे तिला कळलं. मला हसत सांगायची. मी म्हटलं, अगं, सरळ हाक मार ना चहाला. तर म्हणाली, बोलावून आले तर चहा पिऊन जातात. धावत आले की बसतात."

खोपट्यात पंखा फिरत होता. मी उठून तो बंद केला.

"मग एकदा तू ओरडलास," माई म्हणाल्या. "त्यानंतर म्हणाली, माई, आता दाबलं नाही तरी येत नाहीत. कंटाळले बहुतेक. मीच म्हटलं तिला, मग दाबत जा बाई, त्याला घोर नको. मला काय माहीत तू काय करून ठेवलंयस."

माई गेल्यावर मी वर गेलो आणि आमचा लॅपटॉप उघडला. हे डबे सगळं लिहून ठेवतात. कळ हाताने दाबली तर एक नोंद, आपोआप झालं तर दुसरी. मी कधी बघितलं नव्हतं, गरज काय होती? आता बघितलं. मी ती ओळ घातल्यानंतर बारा दिवस हाताची एकही नोंद नाही. बारा दिवस ती दाबत नव्हती आणि खाली माझा ठिपका हिरवा होत होता. बारा सकाळी चहा ओतून वाट बघितली असणार तिने. तेराव्या दिवसापासून रोज नोंद आहे. सहा चाळीस, सहा अडतीस, सहा बेचाळीस. एकही दिवस चुकलेली नाही. शेवटच्या दिवशी नाही. फक्त सात पाचची, माझी.

गावकरांना मी बरोबर सांगितलं होतं. मशीन खोटं बोलत नाही. सगळं खरं लिहिलेलं होतं त्यात. फक्त खाली जो ठिपका दिसायचा तो मी रंगवलेला होता.

दुसऱ्या दिवशी वायरी परत जोडल्या. ती एक ओळ मी पुसली, पुसताना तीन वेळा चुकलो. पडदा मात्र खोपट्यात ठेवला नाही. माई म्हणाल्या, "बोर्ड माझ्याकडे दे. दिवा लागला की बघायचं, नाही लागला की विचारायचं, हीच नोकरी केली मी जन्मभर. तुला दिवे बघता येत नाहीत, तुला वायरीच बघता येतात." खरंच आहे. आता पडदा त्यांच्या देवघराशेजारी आहे. ठिपका लाल झाला की त्या आधी फोन करतात, मग गावकरांच्या मुलाला पिटाळतात. त्याने नोकरी सोडून घरूनच काम धरलंय, सकाळी हाताशी असतो. मुलगी आता माईंनाच विचारते, आई, सगळे उठले का?

ज्यांना घरी असं काही बसवायचं असेल त्यांनी बसवावं. जुना डबा फेकू नका. पण एवढं ऐका, जे माणसाने करायचं ते डब्याला करायला लावू नका. बाकी मला शिकवण्यासारखं काही नाही.

शैलाच्या पाकिटात सात टिकल्या शिल्लक आहेत. आमच्या लॅपटॉपवरची जुनी टिकली बोट लागून लागून मधोमध पांढरी पडली आहे. ती मी बदललेली नाही. रोज सकाळी तिच्यावर बोट ठेवतो आणि मग खाली जातो. माईंच्या पडद्यावर मी हिरवा होतो.

गेल्या सोमवारी ठेवलं नाही. का, ते विचारू नका. खालीही गेलो नाही. ओट्याशी उभा राहून साडेसात वाजायची वाट बघितली. फोन वाजला, मी उचलला नाही. परत वाजला. मग जिन्यावर काठी वाजायला लागली. एकच मजला, पण त्र्याऐंशी वर्षांचे पाय. मध्ये थांबायची, परत वाजायची. आणि शिव्या ऐकू येत होत्या, मला, माझ्या बापाला, बिल्डरला, लिफ्टला.

मी दार उघडलं. माई चौकट धरून उभ्या, श्वास लागलेला, डोळे मोठे झालेले. त्यांचा तो चेहरा बघितला आणि पाच वेळा दारात उभा असलेला माझा चेहरा शैलाला कसा दिसला असेल ते मला पहिल्यांदा दिसलं.

"मेलास की काय रे?" त्या ओरडल्या.

"बसा माई," मी म्हटलं, "चहा झालाय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग ओट्यावर बघितलं, तिथे दोन कप भरलेले होते. पुढची शिवी तोंडात होती ती त्यांनी गिळली. काठी दाराला टेकवली आणि आत येऊन शैलाच्या जागेवर बसल्या. पहिला घोट घेतला आणि म्हणाल्या,

"साखर जास्त झाली आहे. तिला विचारून घ्यायला हवं होतंस."